साडूच्या शेडमधली पोती

३ नोव्हेंबर, सोमवार

अण्णांच्या कारखान्याचं काम गेलं.

सकाळी टेम्पो घेऊन गेलो तर गेटवरच थांबवलं. अण्णा स्वतः बाहेर आले. टॉवेलच्या कारखान्याचे मालक, पण माझ्याशी कधी मालकासारखे वागले नाहीत. त्यांच्या मागांखालची चिंधी, सुताचा गुंता, काठाची कातरण वडिलांच्या वेळेपासून आम्हीच उचलतो. वडील सायकलवर न्यायचे, मी टेम्पोतून. आज म्हणाले, "शिवानंद, वाईट वाटून घेऊ नको. बाहेरदेशचं गिऱ्हाईक आता विचारतंय, तुमचा कचरा कुठं जातो त्याचा कागद दाखवा. तू देतो काय कागद?"

"अण्णा, तुमची चिंधी कुठं जाते ते तोंडानं सांगतो की. गादीवाल्याकडं, गॅरेजात पुसायला, उरलेली..."

"तोंडाचं कोण धरतंय आता?"

कुणाला दिलं हे विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं. प्रकाशला.

प्रकाश माझा साडू. सुनंदाच्या धाकट्या बहिणीचा, लताचा नवरा. कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होता. नोकरी सोडून दोन वर्षांमागं सोलापुरात आला आणि कचऱ्याची कंपनी काढली. कंपनी! मी तीस वर्षं तेच करतोय, मला लोक चिंधीवाला म्हणतात.

४ नोव्हेंबर

सुनंदाला सांगितलं. पोळी तव्यावर होती, ती करपेपर्यंत बघत राहिली. "लता म्हणत होती काहीतरी मोठं काम मिळालंय. ते तुमचंच का?"

मग म्हणाली, "प्रकाशरावांनी मुद्दाम नसेल केलं."

मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज राहिलेली गिऱ्हाइकं फिरलो. म्हटलं कोण कोण आपलं आहे ते बघू.

गणवेश शिवणाऱ्यांच्या खोलीत निळ्या आणि खाकी कातरणीचा ढीग तसाच होता, माझ्यासाठी ठेवलेला. बरं वाटलं. रंगाऱ्याकडं गेलो. पूर्वी रंगाचं पाणी थेट नाल्यात जायचं, नाला कधी लाल कधी जांभळा. आता टाकी बांधलीय, गाळ सुकवतात, बंद गाडी येऊन घेऊन जाते. ती गाडी प्रकाशनं ठरवून दिली म्हणे. गॅरेजवाला काळं तेल वीटभट्टीला द्यायचा, आता प्र. चे दोन पिंप त्याच्या कोपऱ्यात, वर चिठ्ठी चिकटवलेली. खानावळीचं उष्टं डुकरंवाला न्यायचा. आता प्र. नेतो, त्याचं खत करतो, आणि ते खत मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्यांना जातं. खानावळवाला सांगताना असा फुलला होता की जणू ज्वारी ह्यानंच पेरलीय.

बिडीच्या कारखान्यात तेवढं कुणी पोचलेलं नाही. पानाच्या कातरणी बायका चुलीला नेतात, तंबाखूची धूळ पोत्यात पडून असते. उद्या तिथंही प्र. ची हिरवी गाडी दिसेल.

कुठल्या धंद्यातून काय बाहेर पडतं, किती ओलं, किती वास, कुणाला लागतं, हे मला डोळे झाकून हाताला कळतं. पण मी कधी त्याचा तक्ता करून भिंतीला लावला नाही. त्यानं लावला. फरक एवढाच.

एवढाच का?

१६ नोव्हेंबर, रविवार

प्र. च्या नव्या शेडची पूजा. जायचं नव्हतं. सुनंदानं इस्त्रीचा शर्ट पलंगावर काढून ठेवला होता. गेलो.

शेड मोठी आहे. खोटं कशाला लिहू, चांगली आहे. कापड, कागद, खानावळ, गॅरेज, छपाई, प्रत्येकाचा वेगळा कप्पा, वर पाट्या. निवडायला कमरेएवढ्या उंचीची पत्र्याची टेबलं. पंखे. बायकांना डबा खायला वेगळी खोली, त्यात बेसिन.

भाषण केलं त्यानं. मला पुढं बोलावलं. "ह्या कामात पहिलं पाऊल टाकलं तेव्हा दादांचंच गोदाम बघायला गेलो होतो. चिंधी हातात धरून सूत किती, पॉलिस्टर किती हे दादांनी शिकवलं. दादा माझे गुरू." शाल घातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णापण होते टाळ्या वाजवायला.

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी. शाल मानेला टोचत होती. काढता येईना.

घरी आल्यावर सुनंदा म्हणाली, "बघा, किती मान देतात तुम्हाला."

मान त्यालाच देता येतो ज्याच्याकडं जास्तीचा असतो. माझ्याकडं त्याला द्यायला काय होतं?

१८ नोव्हेंबर

अव्वा आज सकाळी ताट बघून कानडीत म्हणाली, "याकप्पा, उंडिल्ल?" जेवला नाहीस का म्हणून. पोट बरं नाही म्हणालो. आईला खोटं कळतं. ताट उचलून नेलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शकूबाई काम सोडून गेली.

अठरा वर्षं माझ्या गोदामात चिंधी निवडली. नवरा गेला तेव्हा आली होती, मुलगी काखेत. तिच्याएवढा हात कुणाचा नाही. ढिगातून बटण, पिन, ब्लेड न बघता बाजूला काढते.

दुपारी समोर येऊन उभी राहिली. "मालक, एक बोलायचं हुतं. परकाशदादांकडं जागा हाय म्हनत्यात."

मी म्हटलं, "त्यांनी बोलावलं का?"

"न्हाय हो. मीच विचारलं. त्यांनी आदी इचारलं, तुमच्या मालकाला सांगितलं का. म्हनून तर सांगाय आले."

"मी काय कमी केलं शकूबाई?"

"कमी न्हाय. पर गुडघं गेलं की माजं, बसून बसून. तितं उभं ऱ्हाऊन टेबलावर निवडायचं. हातमोजं देत्यात. बुटं देत्यात." आणि मग हसून, "बेसिन हाय मालक. साबन लावून हात धुवून जेवायचं. मला लई आवडलं ते."

अठरा वर्षांत एक टेबल ठेवायचं माझ्या डोक्यात आलं नाही. पत्रा माझ्याकडं पडूनच होता.

जा म्हणालो. चांगल्या तोंडानं म्हणालो. मग ती ज्या गोणपाटावर बसायची ते उचलून ढिगात टाकलं. परत काढलं. परत टाकलं.

अण्णांचं काम गेलं तेव्हा राग आला होता. आज वेगळं झालं. ती हसत गेली हे सोसत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

हे लिहून ठेवतो, कारण कुणाला सांगणार नाही.

आज कामासाठी एका खाजगी दवाखान्याच्या मागच्या बोळातून गेलो. नाव लिहीत नाही. मागच्या दाराला प्र. ची हिरवी गाडी. स्टोअर सांभाळणारा माणूस पोती चढवत होता. जुन्या चादरी, पडदे, पेशंटचे गाऊन. निकामी कापड.

आठ वर्षांमागं हेच काम माझ्याकडं होतं. जेमतेम दोन महिने. दवाखान्याचा जो खरा घाण माल, सुया, रक्ताच्या नळ्या, पट्ट्या, त्याला वेगळी बंद गाडी येते, रंगीत पिशव्या असतात, सगळं वजन करून द्यावं लागतं, वजनावर पैसे भरावे लागतात. वजन कमी दिसावं म्हणून हा माणूस त्यातलं काही चादरीत गुंडाळून चिंधीत घालायचा. एक पोतं मी स्वतः सोडलं होतं. चादर उलगडली तर आत सुयांचा झुबका. नशीब की हात लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून गाडी बंद केली. कारण विचारलं तर म्हणालो, परवडत नाही. तक्रार केली नाही, कुणाशी बोललो नाही. शकूबाईलाही कळलं नव्हतं. मोठ्या लोकांशी वैर कशाला.

माणूस तोच. बांधायची पद्धत तीच.

प्र. ला सांगायला पाहिजे. फोन काढला होता खिशातून. मग वाटलं, त्याला सगळं येतं ना? तक्ते आहेत, पाट्या आहेत. त्याचं त्याला कळेल.

फोन परत खिशात.

५ डिसेंबर, शुक्रवार

प्र. चाच फोन आला. मी चिंधी तोलत होतो.

"दादा, एका दवाखान्याचं जुन्या कपड्यांचं काम घेतलंय. नुसतं कापड, बाकी काही नाही. तसं लिहून घेतलंय त्यांच्याकडून. तरी म्हटलं तुम्हाला विचारावं. तुम्ही केलंय का कधी असलं काम? काही बघायला पाहिजे का?"

विचारलं त्यानं. सरळ विचारलं.

मी म्हणालो, "नाही. कापडच की ते. चांगलं काम आहे."

"बरं झालं. तुमचा शब्द मिळाला म्हणजे झालं."

फोन ठेवला. काटा अजून हलत होता, कितीवर थांबला ते बघितलंच नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

नवी पेठेत सुनंदाबरोबर. अव्वाला लुगडं घ्यायचं होतं. तिथं प्र. आणि लता भेटले. सराफाच्या दुकानासमोर उभं राहून प्र. सांगत होता, "सगळ्या धंद्यांत हे लोक शहाणे. दुकानातला केरसुद्धा फेकत नाहीत. झारेकऱ्याला देतात, तो धुवून त्यातनं सोन्याचा कण काढतो. सगळ्यांनी आपल्या केराकडं असं बघितलं तर दादा, आपल्याला काम राहणार नाही." आणि हसला.

मी ठरवलं होतं, आज सांगायचं. खरंच. तोंड उघडलं. "प्रकाशराव, त्या दवाखान्याची पोती..."

तो लगेच वळला. "हां दादा, काय?"

सुनंदा चेष्टेत म्हणाली, "ह्यांना काय पोत्यांचं विचारता? आमच्याकडं अजून सुतळीनं बांधतात, तुमच्याकडं सगळं मशीनवर." लता हसली. प्र. हसला नाही, तो माझ्याकडं बघत होता, वाट बघत होता.

मी म्हटलं, "काही नाही. पोती चांगली असतात त्यांची, मजबूत. परत वापरता येतील."

हे मी बोललो. आज. माझ्या तोंडानं.

१२ डिसेंबर

त्याच्याकडं कापडाच्या टेबलावर कोण उभं असतं हे मला माहीत आहे. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर माहीत नव्हतं असं स्वतःला सांगता येणार नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

लताचा फोन सुनंदाला. दुपारी साडेतीन.

शकूबाईला सुई लागली. चादर उलगडताना. हातमोज्यातून आरपार, अंगठ्याखाली. सुईत रक्त होतं.

सुनंदा म्हणाली, "अहो, बसा. असे काय पांढरे पडलात?"

२० डिसेंबर, शनिवार

सरकारी दवाखान्यात जाऊन आलो. शकूबाई बाकावर बसली होती, हाताला पट्टी. प्र. कालपासून तिथंच. त्यानंच पंधरा मिनिटांत आणलं तिला, गाडीत बसवून, वाटेत डॉक्टरांना फोन लावून. माझ्या गोदामात असती तर हळद लावून परत कामाला बसली असती. हेही खरं.

सुई कुणाची, त्या पेशंटला काय होतं, काहीच कळायला मार्ग नाही. महिनाभर गोळ्या. पहिल्या तपासणीत काही नाही, पण ती धरायची नाही म्हणाले डॉक्टर. दीड महिन्यानं एक, तीन महिन्यांनी एक. तोपर्यंत सांगता येत नाही.

शकूबाई मला बघून उठायला लागली. "मालक, तुमी कशाला आलाव?"

"दुखतंय का?"

"दुकत न्हाय. गोळीनं मळमळतंय. पोरगी रडतीया सारकी, तिला समजवा वाईच."

मुलीला काय समजावणार. तिनं मला विचारलं, "काका, हे कापडात आलंच कसं?" मी म्हणालो, "बघायला पाहिजे."

प्र. नं बाहेर चहा आणून दिला. कप माझ्या हातात देऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

२४ डिसेंबर, बुधवार

अण्णांचा फोन. "शिवानंद, ऐकलं ते खरं काय? तू पहिल्यापासून करत होता, कधी काय झालं नाही. गाडी पाठव बाबा परत. कागदाचं बघू काहीतरी."

नंतर प्र. कडं गेलेल्या छापखान्याचा. त्यांचंही तेच.

खरं लिहायचं तर, अण्णांचा फोन झाल्यावर मला आनंद झाला. एक चहा होईपर्यंत. पूर्ण, भरलेला आनंद, जसा लहानपणी व्हायचा. मग कप खाली ठेवला आणि शकूबाईचा अंगठा दिसला.

गाडी पाठवली नाही. सांगतो म्हणालो.

३ जानेवारी, शनिवार

प्र. घरी आला. एकटा. दाढी वाढलेली. अव्वानं भाकरी वाढली, अर्धी खाल्ली.

दवाखान्यानं हात वर केले. म्हणतात, आमच्या कपड्यांत काही नव्हतं, सुई तुमच्या शेडमध्ये दुसरीकडून आली. स्टोअरच्या माणसानं तसं लिहून दिलंय. तपासणीचे सरकारी साहेब येऊन गेले. उत्तर समाधानकारक नसेल तर शेडला कुलूप लागेल. बावीस बायका कामाला आहेत तिथं.

"दादा, मी बाकी सगळं बघितलं, पोती उघडून बघायला पाहिजे होती. कागदावर विश्वास ठेवला." मग म्हणाला, "तुम्हालाही विचारलं होतं मी. पण तुम्हाला तरी कसं माहीत असणार?"

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

त्यानं मला माफ केलं. न विचारता. कशाबद्दल ते माहीत नसताना. ह्या माणसाचा मला इतका राग यायचा की... आता राग कुठं न्यायचा?

१४ जानेवारी

संक्रांत. लता आली नाही. दरवर्षी येते. सुनंदानं तिच्या वाटचा तिळगूळ डब्यात काढून ठेवला.

१७ जानेवारी, शनिवार

शकूबाईच्या गोळ्या काल संपल्या, असं सुनंदाकडून कळलं. प्र. रोज जायचा म्हणे, गोळी घेतली का विचारायला. एकही दिवस चुकला नाही.

वाचणाऱ्याला पटणार नाही, पण वाचणारं कुणी नाही म्हणून लिहितो. मला त्याचाही हेवा वाटला. रोज तिच्या दारात जायचा हक्क त्याला आहे, मला नाही.

२५ जानेवारी, रविवार

सांगितलं.

शेडवर गेलो. सुट्टी होती, तो एकटाच टेबलं धूत होता. नळी हातात. मी म्हटलं, "प्रकाशराव, नळ बंद करा. बोलायचंय."

सगळं सांगितलं. आठ वर्षांमागचं पोतं, सुयांचा झुबका, तोच माणूस. बोळात गाडी बघितली ते.

तो शांतपणे ऐकत होता. "गाडी कधी बघितली?"

"दोन तारखेला."

"मी फोन पाच तारखेला केला."

"हो."

"नवी पेठेत भेटलो तेव्हाही..."

"हो. तेव्हाही."

नळातून थेंब पडत होते. तो ते बघत राहिला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर मी हात वर केला नसता. पण त्यानं विचारलं, "का, दादा?"

मी म्हटलं, "अण्णांचं काम गेलं. शाल घातलीत. सगळे तुमचं..." मोठ्या माणसाच्या तोंडून किती बारीक वाटतं ते सगळं. पन्नाशी उलटलेला माणूस.

"शाल?" तो म्हणाला. "ती मी मनापासून घातली होती."

"माहीत आहे. म्हणून तर."

त्यानं नळी गुंडाळून खुंटीला लावली. मग, "लेखी द्याल? आठ वर्षांपूर्वीचंसुद्धा? ह्या बायकांचं काम वाचेल."

"देतो."

"आणि शकूबाईला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही. तिनं विचारलं तर लपवणारही नाही."

निघालो तेव्हा 'या' म्हणाला नाही. आजपर्यंत म्हणाल्याशिवाय राहिला नव्हता.

२८ जानेवारी

सुनंदाला सांगितलं. तिनं एकच विचारलं, "मी त्या दिवशी चेष्टा केली नसती तर बोलला असता?"

नाही म्हणालो. तिला त्यातलं किती पटलं माहीत नाही. मलाच किती खरं आहे माहीत नाही. सांगितल्याला दोन दिवस झाले, वाढते, पण समोर बसत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

लेखी दिलं. कचेरीत साहेबांनी दोनदा वाचलं. "तुम्हाला आधी माहीत होतं असं यात स्पष्ट येतंय. राहू द्यायचं?"

"राहू द्या."

"दवाखान्याची चौकशी लागेल. तुम्हालाही बोलावतील. आणि बाकी गिऱ्हाइकांना कळेल."

कळू दे. अण्णांना मीच सांगून आलो येताना. ते टॉवेलच्या घड्या मोजत राहिले. त्यांचं काम कुणाला जाणार, माहीत नाही. मी मागितलं नाही.

गोदामात पत्र्याचं टेबल केलं. कमरेएवढं. दोन बायका उरल्यात, त्यांना उभं राहायची सवय नाही, पहिल्या दिवशी टेबलावरच चढून बसल्या. साबण ठेवला. हातमोजे जाड घेतले, तरी सुईला ते पुरत नाहीत हे आता कळलंय. पोतं आधी मी उघडतो, लांब चिमट्यानं.

८ फेब्रुवारी, रविवार

शकूबाईच्या घरी गेलो. दोन आठवडे ढकलत होतो.

दीड महिन्याची तपासणी झाली, काही निघालं नाही. शेवटची पुढच्या महिन्यात. ती ओट्यावर बसून मेथी निवडत होती, अंगठा जपून. मुलगी कामावर गेलेली. म्हणाली, "या की मालक, च्या टाकते."

"चहा नको. आधी ऐका."

खाली बसलो तिच्यासमोर. आठ वर्षांमागचं सांगितलं. बोळातलं, फोनचं, नवी पेठेतलं. काही गाळलं नाही. ती मेथी निवडत राहिली. पानं एकीकडं, काड्या एकीकडं, माझ्याकडं न बघता. मध्ये एकदाच हात थांबला, मी फोनचं बोललो तेव्हा.

सांगून झालं. समोरच्या घरात रेडिओ चालू होता. एक बाई पाण्याची घागर घेऊन गेली, शकूबाईला "बरं हाय का आता?" म्हणाली. ही म्हणाली, "व्हय, बरं हाय."

मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं शिव्या देईल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. शिव्या नाहीत, रडणं नाही. नुसतं विचारलं.

"टेबलावर मी हाय, हे तुमाला म्हाईत हुतं न्हवं?"

"होतं."

"मग परकाशदादांवर जळत हुता म्हनून गप बसला, का मी सोडून गेले म्हनून?"

मी तोंड उघडलं. घरून निघताना सगळी उत्तरं जुळवली होती, माफीची, दवाखान्याच्या खर्चाची, मुलीची. हे उत्तर त्यात नव्हतं.

तिनं वाट बघितली. मेथीची जुडी संपेपर्यंत. मग काड्या पदरात गोळा करून उठली, दारामागच्या बादलीत टाकल्या, हात धुतले, साबण लावून, नीट, अंगठ्याच्या बाजूनं सावकाश.

आत गेली. दार लावलं नाही, या म्हणाली नाही. थोडा वेळ ओट्यावर बसलो, मग निघालो.

आता संध्याकाळचे सहा वाजलेत. तेव्हापासून तेच लिहायचा प्रयत्न करतोय. त्याच्यावर जळत होतो म्हणून... इथपर्यंत येतं. पुढचं वाक्य लिहिलं, खोडलं. परत लिहिलं.

तिची तपासणी १९ मार्चला. त्याआधी परत जायचं आहे आणि उत्तर द्यायचं आहे.